चाळीस फुटांवरचा इन्व्हर्टर

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री, भारत सरकार यांस,

स.न.वि.वि.

गेल्या बुधवारी रात्री आमच्या कुर्ल्यात पाणी भरलं. आधी लाईट गेली, तासाभरात मोबाईलची रेंजही. माझी आई 78 वर्षांची, दम्याची पेशंट. नेब्युलायझर हातात, पण लावायचा कुठे? सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, "कुणाकडे इन्व्हर्टर आहे का?" मेसेजशेजारी छोटं घड्याळ आलं ते आलंच, हललं नाही. शेवटी कमरेभर पाण्यातून दारं ठोठावत फिरलो. इन्व्हर्टर निघाला समोरच्या बी विंगमध्ये. चाळीस फुटांवर! माझा मेसेज पोचला दुसऱ्या दिवशी अकराला. एकोणीस जणांनी हात जोडले, एकाने 'गुड मॉर्निंग' टाकलं.

साहेब, चाळीस फुटांचा निरोप आधी कंपनीच्या सर्व्हरवर जाणार, मग परत आमच्या अंगणात येणार. कुलूप लावून जातो, मधे कुणाला वाचता येत नाही, कबूल. पण कुणी कुणाला कधी पाठवला हे सर्व्हरला कळतंच. ब्रायर नावाचं मेसेज पाठवायचं अ‍ॅप आहे, त्याला असा सर्व्हरच नाही. नेट असेल तर टॉर या ओळख लपवणाऱ्या नेटवर्कवरून, नसेल तर ब्लूटूथ नाहीतर वाय-फायने या फोनवरून त्या फोनवर. बॅटरी खातं, आयफोनवर चालत नाही, आमच्या जोशीकाकांना तर जन्मात जमलं नसतं. पण बी विंगपर्यंत पोचलं असतं हो!

ते तुमच्या सरकारने मे 2023 मध्ये बंद केलं. 14 अ‍ॅप एका फटक्यात. काश्मीरमधले अतिरेकी वापरतात म्हणे. अतिरेकी मोटारसायकलीही वापरतात. त्याच यादीत एलिमेंट, ज्याला सर्व्हर लागतो! दोन्हींतला फरक कुणी विचारला तरी होता का? मी सरकारच्या तक्रार पोर्टलवर हेच विचारलं, तर चौथ्या दिवशी 'तक्रार निकाली'.

खरं दुखणं मला कळतं. सर्व्हर असला की मालक असतो, मालक असला की नोटीस बजावता येते. 2021 च्या आयटी नियमांत तुम्हाला मेसेज पहिल्यांदा कुणी पाठवला तेही हवं. 2017 साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, तो बहुधा फायलीत बुडाला. आम्ही तर बुडायचेच. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला, तेव्हाही फोन मेले होते. मधल्या वर्षांत मिठी नदीतून किती कोटींचा गाळ निघाला देव जाणे, पाणी मात्र त्याच पायरीवर येतं.

बंदी उठवा, नाहीतर कारण लेखी कळवा. तोवर आईला बी विंगमध्ये हलवलंय.

आपला,
कुर्ल्याचा एक मतदार