बैठकीला जा, पण सहीची घाई करू नकोस

दांडिया बाजार, बडोदा

चि. मधुरा,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारच्या बैठकीला बोलावणारा, तू इंग्लंडहून पाठवलेला विद्यापीठाचा मेल वाचला आणि त्याला जोडलेले नियमही रात्री बसून वाचून काढले. सगळ्यात आधी हे सांगते की तुला शिक्षा करायला बोलावलेलं नाही. तिकडच्या बऱ्याच विद्यापीठांत 'सपोर्ट टू स्टडी' नावाची ही पद्धत असते आणि ती शिस्तभंगाच्या चौकशीपासून मुद्दाम वेगळी ठेवलेली असते. शरीराच्या किंवा मनाच्या दुखण्यामुळे एखाद्याची हजेरी घसरली, असाइनमेंट राहिल्या, तर त्याला बोलावतात आणि काय केलं म्हणजे अभ्यास जमेल हे विचारतात. तुझा हा पहिला टप्पा आहे, म्हणजे नुसतं बोलणं. शिक्षण काही काळ थांबवण्याचा विषय फार पुढे येतो. मेलची भाषा मात्र मला अजिबात आवडली नाही. जिला धड झोप लागत नाही तिला दोन कोरड्या ओळींत 'उपस्थित राहावे' असं कळवायचं? आधी कुणीतरी फोन करायला हवा होता.

तरीही तू जा. कॉलेजच्या परीक्षा विभागात इतकी वर्षं काढल्यावर हे मी खात्रीने सांगू शकते. ज्या मुलाने वेळेत अर्ज दिला, डॉक्टरांचा दाखला जोडला, त्याच्यासाठी काही ना काही वाट निघते. जो लाजेपोटी गप्प राहतो तो कागदावर फक्त गैरहजर असतो, आणि मग कुणाची कितीही इच्छा असली तरी नियम वाकत नाही. तुझ्या दोन असाइनमेंट राहिल्यात, त्यांचा अर्ज या आठवड्यातच टाक. कारण मान्य झालं तर मुदत वाढते, किंवा पुढची परीक्षा पहिलाच प्रयत्न म्हणून धरतात आणि गुण कापत नाहीत. तुझ्या पर्सनल ट्यूटरला, म्हणजे तुझ्यासाठी नेमलेल्या प्राध्यापकांना, हे रोजचं आहे, त्यांना विचारायला संकोच करू नकोस.

दाखल्यासाठी जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, जावं लागेल. तुझ्या व्हिसाबरोबर वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरलाय, तो याचसाठी. नाव नोंदवलं नसशील तर आजच नोंदव. इंग्लंडमध्ये चिंता आणि नैराश्यासाठी एनएचएसची, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची, टॉकिंग थेरपी (बोलून केलेले उपचार) आहे, तिच्यासाठी तू स्वतःही अर्ज करू शकतेस. मात्र तिथे रांग असते, म्हणून विद्यापीठाच्या समुपदेशकाची वेळही घेऊन ठेव. दोन्हीकडे नाव दिलं म्हणून काही बिघडत नाही.

डिसॅबिलिटी विभागाचं नाव काढलं की तू बिथरतेस, ते मला कळतं. पण तिथल्या २०१०च्या समानता कायद्यात मनाचा त्रासही बसतो, फक्त त्याचा रोजच्या जगण्यावर मोठा परिणाम झालेला हवा आणि तो वर्षभर टिकलेला किंवा टिकण्याची शक्यता असलेला हवा. तसं असलं तर परीक्षेत जास्त वेळ, वेगळी छोटी खोली, लेक्चरचं रेकॉर्डिंग अशा सोयी देणं विद्यापीठाला बंधनकारक आहे, आणि परदेशी विद्यार्थ्यांनाही ते लागू आहे. आपल्याकडच्या २०१६च्या दिव्यांग कायद्यातही मानसिक आजार आहेच. तुझ्या पदवीच्या कागदावर यातलं काही छापून येत नाही.

आता ज्यावर मी सर्वांत जास्त विचार केला ते. 'काही महिने शिक्षण थांबवा, बरं वाटलं की या' असं त्यांनी सुचवलं तर लगेच हो म्हणू नकोस. तुझ्या वर्गातल्या तिथल्याच मुलीसाठी सुट्टी म्हणजे आईकडे जाऊन राहणं. तू स्टुडंट व्हिसावर आहेस. साधारणपणे साठ दिवसांहून जास्त खंड पडणार असेल तर विद्यापीठाला गृहखात्याला कळवावं लागतं, व्हिसाची मुदत कमी होते, देश सोडावा लागतो आणि परत जाताना नव्याने अर्ज, नव्याने पैसे. आजारी मुलीला विश्रांतीचा सल्ला द्यायचा आणि त्याच वेळी तिला सामान बांधायला लावायचं, हे मला अन्यायाचं वाटतं. म्हणून आधी साठ दिवसांच्या आत काय बसतं ते विचार. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या व्हिसा सल्लागाराकडून उत्तर लेखी घे. सुट्टीच घ्यायची ठरली तर कोणत्या तारखेपर्यंत घेतली म्हणजे किती फी परत मिळते, तेही विचार. ही उत्तरं हातात येईपर्यंत कशावरही सही नाही.

आणि सगळं विचारून सुट्टी घेणंच बरं ठरलं, तर ये. निमूट ये. कमाटी बागेतल्या संकल्पभूमीवर, बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकाच्या जागी, तू शाळेतून गेली आहेस. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये अमेरिकेला गेले, मग लंडनला. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून त्यांना बडोद्याच्या नोकरीवर यावं लागलं. इथे त्यांना जातीपायी राहायला जागासुद्धा मिळू दिली नाही, ते आपल्या गावाने विसरता कामा नये. त्यांचं कारण तुझ्याहून फार वेगळं आणि फार कठीण होतं. पण लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी दिली होती. ते १९२० मध्ये गेले, १९२१ मध्ये एमएस्सी आणि १९२३ मध्ये डीएस्सी झाले. परत येण्याची ती परवानगी कागदावर होती. तुझीही तशीच कागदावर असू दे.

विद्यापीठाने आम्हाला परस्पर फोन केला नाही याचा राग धरू नकोस. तू सज्ञान आहेस, तुझ्या संमतीशिवाय ते आमच्याशी बोलत नाहीत आणि मला ते योग्यच वाटतं. विश्वासातली व्यक्ती म्हणून कुणाचं नाव द्यायचं ते तू ठरव. माझं दे, मामाचं दे, लेस्टरच्या मैत्रिणीचं दे. पण एक नाव दे.

रात्री फार जड झालं, जगणं नको वाटलं, तर सकाळची वाट बघायची नाही. एनएचएसचा १११ लाव आणि मानसिक त्रासासाठीचा दोनचा पर्याय घे. मन मोकळं करायला समॅरिटन्स या संस्थेचा ११६ १२३ चोवीस तास फुकट आहे. जिवाला धोका वाटला तर तातडीच्या मदतीचा ९९९. आणि मला कधीही, इथे पहाटेचे तीन वाजले असले तरी. फोन उशाशीच असतो.

बाबांना मी सांगितलंय. शैक्षणिक कर्जाच्या हप्त्यांचं बँकेत ते बोलतील, तू त्यात पडू नकोस. आजीला फक्त एवढंच माहीत आहे की तुला बरं नाही. बाकी कुणाला काही सांगायची गरज नाही आणि सोसायटीतल्यांना उत्तर द्यायला मी आहे.

बैठकीला बहुतेक ठिकाणी सोबत कुणाला नेता येतं. स्टुडंट्स युनियनचा सल्लागार विद्यापीठापासून स्वतंत्र असतो, त्याला आधी भेट आणि शक्य असेल तर बरोबर ने. गुरुवारी तुमच्याकडे दुपारचे दोन म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. मी त्या दिवशी लवकर घरी येते. तू म्हणालीस तर व्हिडिओवर बसेन, नको असेल तर बाहेर पडल्यावर फोन कर. विचारायच्या प्रश्नांचा कागद मी वेगळा पाठवते.

तुझी,
आई