आधी मोजा, मग कपॅसिटर बदला

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या विज्ञान पुरवणीतला जुनी मापन उपकरणे घरच्या घरी दुरुस्त करण्याविषयीचा लेख वाचला. ऑसिलोस्कोप (विजेचे चढउतार पडद्यावर रेघेने दाखवणारे उपकरण, पुढे नुसते ‘स्कोप’), सिग्नल जनरेटर, व्होल्टमीटर यांच्या दुरुस्तीत माझी उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा. लेखकाच्या उत्साहाबद्दल तक्रार नाही. पण त्यातल्या दोन सल्ल्यांबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. एकाने उपकरण जाईल, दुसऱ्याने माणूस.

माणसाचे आधी. ‘स्कोपच्या प्लगची अर्थिंगची पिन काढली की कुठेही मोजता येते’ असे लेखात म्हटले आहे. स्कोपचा पत्र्याचा सांगाडा आणि प्रोबचा (मोजणीच्या वायरचा) काळा चिमटा आतून जोडलेले असतात. अर्थिंग तोडून तो चिमटा स्विचिंग सप्लायच्या (वीज वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज बदलणाऱ्या सप्लायच्या) प्रायमरी, म्हणजे मेनला थेट जोडलेल्या बाजूला लावला, की सांगाड्यापासून बीएनसीच्या (प्रोब जोडायच्या सॉकेटच्या) कडेपर्यंत सगळा धातू मेनच्या व्होल्टेजवर येतो. २३० व्होल्टच्या मेनवर तिथल्या कपॅसिटरला सुमारे ३२५ व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतात. योग्य रीत अशी, की बिघडलेल्या उपकरणाला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधून (मेनशी थेट जोड न ठेवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून) वीज द्यावी किंवा दोन बिंदूंमधला फरक मोजणारा डिफरन्शियल प्रोब वापरावा. मोजणाऱ्या स्कोपचे अर्थिंग जसेच्या तसे राहू द्यावे. एवढी दुरुस्ती तरी आपण ठळकपणे छापावी ही विनंती.

दुसरा सल्ला हल्ली फारच बोकाळला आहे: ‘जुने उपकरण हाती आले की आतले सगळे इलेक्ट्रोलिटिक बदलून टाका.’ इलेक्ट्रोलिटिक म्हणजे वीज साठवणारे, डबीसारखे दिसणारे कपॅसिटर. ते का बदलायचे? बिघाड कुठे आहे हे पॉवर सप्लाय स्वतः सांगत असतो. त्याचे ऐकून न घेता सोल्डरिंग आयर्न उचलले, की पुरावा गेला आणि वर नवीन बिघाडांची सोय झाली.

असाच एक स्कोप माझ्याकडे आला होता. मालकाने पसाभर कपॅसिटर बदललेले, तरी पडदा काळाच. +१५ व्होल्टच्या रेलवर (सप्लायच्या एका आउटपुटवर) जेमतेम दीड व्होल्ट. रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) करंट लिमिटमध्ये जाऊन बसलेला, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त करंट सोडत नव्हता. उपकरण बंद करून रेल आणि ग्राउंडमधला रेझिस्टन्स पाहिला, तर दोन-तीन ओहम. एकेक बोर्डाचा कनेक्टर काढत गेलो आणि एका ठिकाणी आकडा एकदम वर गेला. मग त्या बोर्डाच्या रेलला बेंच सप्लायमधून बेताचा करंट सोडला आणि ट्रॅकवर मिलिव्होल्ट मोजत पुढे सरकलो. शॉर्टकडे जाताना आकडा उतरत जातो, शॉर्ट ओलांडला की उतरायचा थांबतो. सापडला एक मिरीएवढा टँटलम कपॅसिटर. त्याला कुणी हातच लावला नव्हता, कारण तो ‘इलेक्ट्रोलिटिक’सारखा दिसत नाही! शिवाय मालकाने बदललेल्या एका मोठ्या डब्याच्या कपॅसिटरचे कानच बोर्डावरच्या दोन ग्राउंड ट्रॅकना जोडत होते. नवा आला दोन पायांचा, जोड तुटला, आणि मूळ बिघाडाच्या सोबतीला दुसरा तयार झाला.

मग सुरुवात कुठून करायची? आधी डोळ्यांनी आणि नाकाने. व्होल्टेज सिलेक्टर कुठे आहे, फ्यूज लिहिलेल्या रेटिंगचाच आहे की कुणी जाडजूड घालून ठेवला आहे, हे पाहावे. मग सिरीज बोर्डावर ६० किंवा १०० वॉटचा तारेचा बल्ब (एलईडी चालत नाही) लावून वीज द्यावी. ट्रान्सफॉर्मरवाल्या उपकरणात बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, उजळच राहिला तर पुढे शॉर्ट आहे. स्विचिंग सप्लायच्या बाबतीत मात्र या बल्बवर विसंबू नये. इनपुट कमी झाले की असा सप्लाय जास्त करंट ओढतो किंवा चालू-बंद होत राहतो, आणि धडधाकट सप्लायही आजारी भासतो.

पुढचे काम मॅन्युअल उघडून. त्या काळची सर्व्हिस मॅन्युअल म्हणजे चैन होती: पूर्ण सर्किट, प्रत्येक टेस्ट पॉइंटचे व्होल्टेज, किती फरक चालेल, रिपल (डीसीवरचा हेलकावा) किती चालेल. १९७२च्या टेक्ट्रॉनिक्स ४६५चे उदाहरण घ्या, १०० मेगाहर्ट्झचा स्कोप. त्यात +११०, +५५, +१५, +५ आणि −८ व्होल्ट अशा रेल आहेत. अशा उपकरणांत बहुधा एक रेल बाकीच्यांचा संदर्भ असते. तीच ढळली असेल तर इतरांशी झटापट करण्यात अर्थ नाही. आणि तिचा प्रीसेट (जुळवणीचा स्क्रू) ‘जरासा’ फिरवून पाहायचा मोह कृपया आवरावा. अख्खे कॅलिब्रेशन त्यावर टांगलेले असते.

रेलचे डीसी बरोबर दिसले म्हणून निश्चिंत होऊ नये. मल्टिमीटर डीसी रेंजवर सरासरी दाखवतो, त्यावर स्वार झालेला रिपल दाखवत नाही. तो दुसऱ्या स्कोपवर किंवा निदान एसी रेंजवर पाहावा. मेन ५० हर्ट्झ असेल तर धडधाकट ब्रिजनंतर (एसीचे डीसी करणाऱ्या चार डायोडनंतर) रिपल १०० हर्ट्झचा यायला हवा. ५०चा दिसला तर संशय कपॅसिटरवर नाही, ब्रिजमधल्या ओपन झालेल्या (आतून तुटलेल्या) डायोडवर घ्यायचा. १०० हर्ट्झचा आहे पण फार मोठा आहे, तर हिशेब करावा: १ अँपिअरचा भार, ५००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, दोन शिखरांमध्ये १० मिलिसेकंद, म्हणजे साधारण २ व्होल्टचा उतार. प्रत्यक्षात ५ दिसत असतील तर कपॅसिटर वाळला, खुशाल बदला. रेग्युलेटरच्या आधीचा सर्वांत खालचा बिंदू त्याला हव्या असलेल्या व्होल्टेजच्या खाली गेला, की तेवढ्या क्षणापुरता रेग्युलेटर हात टेकतो आणि पडद्यावरची रेघ लाटांसारखी हलू लागते. बदलताना मायक्रोफॅरड थोडे वाढले तर बिघडत नाही. दुप्पट-तिप्पट घातले तर चालू करतानाचा करंटचा लोंढा डायोड आणि फ्यूजच्या जिवावर येतो.

आता माझ्याच म्हणण्याला एक अपवाद. मेनच्या दोन तारांमध्ये विजेतला खरखराट (नॉइज) गाळण्यासाठी बसवलेले, पारदर्शक पिवळट एपॉक्सीतले जुने मेटलाइज्ड पेपर कपॅसिटर मी कधीच मोजत बसत नाही. त्यांच्या कवचाला बारीक भेगा पडतात, आत दमट हवा शिरते, आणि बरीच वर्षे बंद पडलेले उपकरण हौसेने चालू केल्यावर काही मिनिटांत खोली धुराने भरते. मीटरवर ते कितीही ठणठणीत दिसोत, वीज देण्यापूर्वीच काढावेत आणि त्या जागी नवा एक्स-२ वर्गाचाच (मेनवर लावण्यासाठीच बनवलेला) कपॅसिटर बसवावा. नुसता जास्त व्होल्टेजचा साधा फिल्म कपॅसिटर तिथे चालत नाही.

आपला,
एक निवृत्त उपकरण दुरुस्ती तंत्रज्ञ