पाचच्या आत मुक्काम

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

कन्याकुमारीचा बेत व्हॉट्सॲपवर बघितला. जा, जरूर जा. आईची समजूत मी काढतो. पण तुझ्या तक्त्यात रोजचे किलोमीटर आहेत, गाडी किती वाजता थांबणार ते कुठंच नाही. माझा जन्म एस.टी.च्या स्टिअरिंगवर गेला, म्हणून सांगतो. संध्याकाळी पाचला मुक्कामाचं गाव आलं पाहिजे. तिथून उलटं मोज आणि मधे बसतील तेवढेच किलोमीटर त्या दिवसाचे धर.

तू डिसेंबरात निघतीयस, म्हणजे साखर कारखान्यांचा हंगाम ऐन भरात. उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, त्यांना लाल दिवा असला तर असला. समोरून कुणी अपर मारत आला की डोळे दिपतात, आणि ट्रॉली दिसते ती अगदी बोनेटजवळ आल्यावर. शिरोळ-कागलपुरतं हे नाही, निपाणी-बेळगावकडंही तेच. दिवसा यातलं काही अवघड नाही.

जाताना गगनबावड्यावरून करूळ घाटानं उतर. घाट चालू आहे का ते आदल्या दिवशी गगनबावड्यात कुणाला तरी फोन करून विचार. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलीस तर लायनर तापतात, वास सुटतो आणि मग ब्रेक लागेनासा होतो. वास आलाच तर रुंद जागा बघून थांब आणि चाकं निवू दे. वर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, मग तो एस.टी.वाला असो नाहीतर दुधाचा टेम्पो. खाली वैभववाडी, पुढं तळेऱ्याला 66 नंबरचा हायवे लागतो. तो पनवेलहून येतो आणि थेट कन्याकुमारीपर्यंत जातो, त्यामुळं चुकायला फारसं काही नाही. कारवार, गोकर्ण, उडुपीपर्यंत गाडी पळते. केरळात मात्र एक गाव संपायच्या आत दुसरं सुरू होतं. तिथं दिवसाला 250 किलोमीटर झाले तरी खूप, आणि तू 450 लिहिलेत!

परतताना मदुराई, सेलम, कृष्णगिरी करत 44 नंबरनं बेंगळुरू, मग आपला 48. चित्रदुर्गचा किल्ला बघ. बेंगळुरू ते कोल्हापूर 600 च्या वर आहे. घर जवळ आलं म्हणून माणूस रेटतो आणि नेमका निपाणीच्या पुढं अंधारात सापडतो. त्या दिवशी हुबळीला राहा.

दुपारी पोटभर भात जेवून स्टिअरिंगवर बसू नकोस. दोन ते चार हे झोपेचे तास, मोठमोठे ड्रायव्हर तिथं पेंगतात. चहानं झोप जात नाही, नुसती लांबते. पेट्रोल पंपावर गाडी लाव, काच थोडी खाली कर, वीस मिनिटं पड. तुझी मैत्रीण चालवणार असेल तर दोन-दोन तासांनी बदला. 'अजून दमले नाही' हे ऐकू नकोस, तिचंही आणि स्वतःचंही.

टोलचा वार्षिक पास काढ. 2025 मध्ये तो 3000 रुपयांत सुरू झाला, आता किती ते बघून घे. 200 टोल किंवा एक वर्ष, आधी संपेल ते. पण तो राष्ट्रीय महामार्गावरच चालतो, म्हणून फास्टॅगमध्ये वेगळे पैसे राहू देत. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकरमध्ये ठेव. हायवेवर गाडी बंद पडली तर 1033, बाकी कशाला 112. मॅप आधीच डाउनलोड कर, पण दहा मिनिटं वाचवायला तो बोळातून नेतो तेव्हा त्याचं ऐकू नकोस. काच खाली करून विचार, दोघांना विचार. आपल्याकडचा माणूस ठाऊक नसलं तरी 'सरळ जावा' म्हणतो, तिकडंही असले असणारच.

टायरची हवा सकाळी गाडी थंड असताना बघायची. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. स्टेपनीचं सगळे विसरतात. शनिवारी येताना गाडी घेऊनच ये, जॅक लावून चाक तुझ्याकडूनच बदलून घेतो. आणि तक्ता नवा करून पाठव, यावेळी गावांच्या नावापुढं वेळ लिहून.

तुझे,
पप्पा