बॅटरी बदलण्याआधी आकडे दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आठ-पंधरा दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ नुसता कट-कट करतो, गॅरेजमधून मुलगा येऊन जंप देतो आणि जाता जाता ‘बॅटरी गेली, नवीन टाका’ असे सांगून जातो, हा अनुभव आपल्या अनेक वाचकांनी घेतला असेल. नवी बॅटरी बसते आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा तीच गत होते. मोटारींच्या वायरिंगच्या कामात उमेदीची वर्षे घालवलेला माणूस म्हणून मला सांगावेसे वाटते की, वरचेवर उतरणाऱ्या बॅटरीत बऱ्याचदा मुळात दोष नसतो. एक तर ती पुरेशी चार्ज होत नसते, नाही तर गाडी बंद असताना कोणीतरी तिच्यातून करंट ओढत असते. आणि यांपैकी नेमके काय चालले आहे, हे मोजल्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही.

मोजायला साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीला सकाळी मीटर लावला, तर पूर्ण चार्ज असल्यास 12.6 व्होल्टच्या आसपास आकडा येतो, 12.2 आला तर जवळपास निम्मा चार्ज संपलेला असतो आणि 12 च्या खाली बॅटरी रिकामी होत आलेली असते. इंजिन सुरू केल्यावर हाच आकडा साधारण 13.8 ते 14.5 पर्यंत चढायला हवा. (काही नव्या गाड्यांत चार्जिंगचे नियंत्रण संगणक करतो, तेथे तो कमी-जास्त होतो.) तो चढत नसेल तर आल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारे यंत्र) आणि त्याचा पट्टा पाहावा, शिवाय टर्मिनलांवर साठलेली पांढरट-हिरवी बुरशी आणि बॉडीला जोडलेली अर्थिंगची पट्टी पाहावी. यातली निम्मी कामे पाना आणि पॉलिश पेपर घेऊन होतात.

चार्जिंग ठीक असेल, तर बंद गाडीतली गळती शोधावी लागते. घड्याळ, सेंट्रल लॉकिंग, अलार्म यांना गाडी बंद असतानाही थोडा करंट लागतोच. तो साधारण 50 मिलिअँपिअरच्या आत असेल तर काळजीचे कारण नाही. आमच्या सोसायटीतील एका गृहस्थांच्या गाडीला दुसरी बॅटरी टाकूनही तक्रार कायम होती. निगेटिव्हची वायर सोडवून मध्ये अँपिअर मोजणारा मीटर जोडला, गाडी लॉक करून अर्धा तास तशीच ठेवली, कारण आतले संगणक झोपी गेल्याशिवाय खरा आकडा मिळत नाही. तरीही मीटर अर्धा अँपिअर, म्हणजे 500 मिलिअँपिअर, दाखवत होता. एकेक फ्यूज काढून पाहिला, आकडा हलेना. शेवटी पॉझिटिव्ह टर्मिनलवरून निघून थेट सीटखालच्या अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत गेलेली एक लाल वायर सापडली. ती फ्यूजबॉक्समधून गेलीच नव्हती, आणि चावीबरोबर अ‍ॅम्प्लिफायर बंद व्हावा म्हणून जी बारीक वायर असते, तीही म्युझिक सिस्टिम बसवणाऱ्याने याच लाल वायरीला जोडून टाकली होती. गाणी बंद, पण अ‍ॅम्प्लिफायर रात्रंदिवस चालू! अर्धा अँपिअर चोवीस तास म्हणजे दिवसाला 12 अँपिअर-अवर. छोट्या गाडीची 35 अँपिअर-अवरची बॅटरी तीन दिवसांत झोपणारच. डॅशकॅमेरा, जीपीएस ट्रॅकर, डिकीचा न विझणारा दिवा यांचीही हीच कथा असते.

शहरातल्या वापराचाही यात वाटा आहे. मुलांना शाळेत सोडणे आणि येताना भाजी घेणे, एवढ्या दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत, त्यातही एसी आणि वायपर चालू ठेवून सिग्नलला थांबत गेल्यास, आधीची तूट भरून निघत नाही. अर्धवट चार्ज राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होत जातो आणि मग मात्र ती खरोखरच निकामी होते. म्हणजे दुखणे बाहेरचे असले तरी वेळेवर न शोधल्यास शेवटी बळी बॅटरीचाच जातो. उभ्या गाडीचे इंजिन आठवड्यातून दहा मिनिटे चालवण्याची जी पद्धत आहे, तिने पेट्रोल जळते आणि मनाला समाधान मिळते, याहून फारसे काही साधत नाही. महिनाभर गावाला जायचे असेल तर गाडीच्या पुस्तिकेत पाहून निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ठेवणे अधिक बरे. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्याने बॅटरीचे आयुष्य कमी होते हे खरेच, पण त्याला इलाज नाही.

माझी सूचना एवढीच आहे की, बॅटरी बदलण्याआधी गॅरेजने किंवा दुकानदाराने तीन आकडे बिलावर लिहून द्यावेत: उभ्या गाडीचा व्होल्टेज, चालू इंजिनचा व्होल्टेज आणि बंद गाडी किती करंट ओढते तो आकडा. पहिले दोन पाच मिनिटांत मिळतात, तिसऱ्याला तासभर लागतो आणि म्हणूनच तो कोणी घेत नाही. शिवाय जुन्या बॅटरीत वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसे असते आणि त्याला भंगारात चांगला भाव येतो, तेव्हा बॅटरी बदलण्याचा सल्ला देणाऱ्याचे त्यात नुकसान काहीच नसते. वाहनमालकांच्या संघटनांनी आणि ग्राहक पंचायतीने या तीन आकड्यांचा आग्रह धरावा. त्या तासाभराच्या कामाची मजुरी द्यायला मात्र ग्राहकानेही कुरकुर करू नये.

– एक निवृत्त ऑटो इलेक्ट्रिशियन, कोथरूड, पुणे