विकर्णाच्या गोष्टीचे तात्पर्य काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत महाकाव्यांतून यशस्वी आयुष्याची सूत्रे काढून देणारा लेख वाचला. कृष्णाकडून वाटाघाटी शिका, अर्जुनाकडून एकाग्रता, हनुमानाकडून संघभावना, असा सगळा ऐवज होता. पुढच्याच आठवड्यात त्यावर एका वाचकाचे खरमरीत पत्र आले. हजारो वर्षांपूर्वीच्या भाकडकथांत आजच्या माणसाने वेळ का दवडावा, असा त्यांचा सवाल. वरकरणी दोघे एकमेकांच्या विरुद्ध उभे आहेत. पण या कथांकडे दोघेही एकच गोष्ट मागतात, ती म्हणजे उपयोग. एकाला तो सापडला, दुसऱ्याला नाही, इतकाच काय तो फरक.

मला दोघांशीही वाद घालायचा आहे, आणि लेखकाशी अंमळ जास्तच, कारण जुन्या काव्यांचे नुकसान त्यांना नाके मुरडणाऱ्यांपेक्षा त्यांचा असा अर्क काढणाऱ्यांनी अधिक केले आहे.

सभापर्वातला विकर्ण घ्या. सूत्रे काढणाऱ्यांच्या यादीत हा कधीच नसतो. द्यूतात सर्वस्व गेले आहे आणि द्रौपदीने सभेला विचारले आहे, की युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला? जो स्वतःचाच उरला नाही, तो मला पणाला कसा लावू शकतो? भीष्म म्हणतात, धर्म फार सूक्ष्म आहे, तुझ्या प्रश्नाचे नीट उत्तर मला देता येत नाही. बाकीचे राजे दुर्योधनाचा चेहरा बघून गप्प. अशा वेळी धृतराष्ट्राचाच एक मुलगा उठतो. सगळ्यांना पुन्हा पुन्हा विचारतो, बोला, काहीतरी बोला. कोणी बोलत नाही. मग तो हातावर हात चोळतो, सुस्कारा टाकतो आणि स्वतःच बोलतो. राजा व्यसनाच्या अमलाखाली होता, द्रौपदी एकट्या त्याची नव्हती, तो स्वतःला आधीच हरला होता आणि तिचे नाव शकुनीने सुचवले, तेव्हा ती जिंकली गेलेलीच नाही. मुद्देसूद, वकिली थाटाचे भाषण आहे ते.

आणि सभेत वाहवा होते! हे बारकाईने वाचण्यासारखे आहे. विकर्णाची स्तुती होते, शकुनीची निंदा होते, गलका उडतो. मग कर्ण त्याला झापतो, पोरगा असून म्हाताऱ्यासारखे बोलतोस म्हणून, आणि पुढे जे व्हायचे ते होतेच. वाहवा करणाऱ्यांपैकी एकही जागचा हलत नाही. युद्धात हाच विकर्ण कौरवांच्या बाजूने लढतो. सगळ्या धृतराष्ट्रपुत्रांना मारण्याची भीमाची प्रतिज्ञा आहे, त्यामुळे भीम त्यालाही मारतो आणि मारल्यावर हळहळतो.

आता याचे तात्पर्य काय काढणार? सत्य बोला? तो बोलला, काही बदलले नाही. सत्य बोलू नका? मग त्या सभेत एवढा एकच आवाज आपल्याला का लक्षात राहतो? ज्याने कधी भरल्या बैठकीत चुकीच्या ठरावाला विरोध केला आहे, बाहेर आल्यावर चौघांनी ज्याची पाठ थोपटली आहे आणि तरीही ठराव होता तसाच मंजूर झालेला ज्याने पाहिला आहे, त्याला ही गोष्ट काही शिकवत नाही. त्याला ती ओळखते. शिवाय तो उद्यापासून त्याच कचेरीत, त्याच लोकांच्या बाजूने काम करत राहणार आहे, हेही तिला ठाऊक असते.

यावर कोणी म्हणेल, महाभारत आपल्या कानावर लहानपणापासून पडत आले, म्हणून ते भावते. संस्काराचा परिणाम, दुसरे काय. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच मी गिल्गमेशकडे बोट दाखवतो. मेसोपोटेमियातले, म्हणजे आजच्या इराकच्या भागातले, गिल्गमेश नावाच्या राजाचे हे काव्य मातीच्या विटांवर कोरलेले. निनेव्हे ही तिथली राजधानी उद्ध्वस्त झाली, असुरबनिपाल राजाचा ग्रंथसंग्रह ढिगाऱ्याखाली गेला, पुढे ती भाषा मेली, ते देव मेले. दोन हजार वर्षांच्या आसपास हे काव्य वाचणारा पृथ्वीवर कोणी नव्हता. 1872 साली ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज स्मिथ नावाच्या माणसाने, जो मुळात छपाईसाठी ठसे कोरणारा कारागीर, त्यातल्या एका विटेवर जलप्रलयाची कथा वाचली, आणि हे काव्य पुन्हा माणसांत आले. त्याच्यामागे ना परंपरा होती, ना भक्ती, ना आजीच्या मांडीवरची आठवण.

तरी गिल्गमेशचा जिवलग मित्र एन्किडू मरतो ती जागा वाचून पाहा. गिल्गमेश मित्राच्या छातीवर हात ठेवतो, ठोका लागत नाही. नवरीचा झाकावा तसा तो त्याचा चेहरा झाकतो. बछडी हरवलेल्या सिंहिणीसारखा येरझाऱ्या घालतो. पुढे तो स्वतःच सांगतो, की सहा दिवस आणि सात रात्री मी त्याला पुरू दिले नाही, त्याच्या नाकातून अळी गळून पडली तोवर. ही अळी एखाद्या भल्या माणसाने लिहिताना गाळली असती. कवीने ठेवली, आणि म्हणून आज इस्पितळाच्या खाटेशेजारी बसून ‘अजून हलवू नका’ म्हणणारा माणूस त्या ओळीपाशी थबकतो. माझे एक जवळचे माणूस गेले तेव्हा समजुतीच्या गोष्टी पुष्कळांनी सांगितल्या. त्या आता आठवत नाहीत. ती अळी मात्र आठवते, आणि का कोण जाणे, तिचा आधार वाटला होता.

माझा एकट्याचाच हा अनुभव असता तर पत्र लिहिले नसते. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर बॉस्टनमध्ये उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ जॉनथन शे यांनी 1994 साली एक पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी आपल्या रुग्णांची कहाणी होमरच्या ‘इलियड’ या ग्रीक महाकाव्यातला योद्धा अकिलीज याच्या कहाणीशेजारी ठेवून वाचली. सेनापतीनेच अन्याय करून विश्वासघात करणे, मग जिवलग सोबती मरणे, मग आवर न घालता येणारा संताप. क्रम तोच. पुढे 2008 पासून अमेरिकेत सैनिकांपुढे प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीजच्या नाटकांचे जाहीर वाचन होऊ लागले. त्यात एजॅक्सचे नाटक असते. मानभंगाने भ्रमिष्ट होऊन जनावरांची कत्तल करणारा, शुद्धीवर आल्यावर शरमेने स्वतःला संपवणारा योद्धा, आणि त्याला विनवणारी त्याची बायको. वाचनानंतर प्रेक्षकच बोलतात, सैनिकही आणि त्यांच्या बायकाही. सोफोक्लीज स्वतः अथेन्सचा निवडून आलेला सेनापती होता, हे इथे सांगायला हवे. त्याला घरी बसून सुचलेली ही गोष्ट नव्हे.

आपल्याकडे तर महाभारताचे सर्वांत मोठे पर्व युद्धाचे नाहीच, ते शांतिपर्व आहे. जिंकलेला युधिष्ठिर राज्य नको म्हणून बसला आहे आणि सगळे त्याची समजूत घालत आहेत. यशाच्या सूत्रांत हे पर्व कुठे बसवायचे, ते लेखकमहाशयांनी जरूर सांगावे.

आता काव्याविषयी थोडे, कारण कथा गद्यातही सांगता आली असती. इलियडच्या आठव्या सर्गात एक बाण ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्यावर सोडला जातो आणि चुकून दुसऱ्यालाच लागतो. मरणारा गॉर्गिथियन. कथेत त्याचे काही काम नाही, तो येतो तो मरण्यापुरताच. पण होमर थांबतो. त्याच्या आईचे नाव सांगतो, ती कुठून लग्न होऊन आली ते सांगतो, आणि बियांच्या व वसंतातल्या पावसाच्या भाराने बागेतल्या खसखशीचे बोंड कलावे तशी त्याची मान एका बाजूला कलली, असे म्हणतो. संपादक महाशय, युद्धाच्या बातम्या आपण रोज छापता. त्यांत मृतांचा आकडा असतो आणि तो असायलाच हवा, त्याबद्दल तक्रार नाही. पण आकड्याला मान कलत नाही. बातमी वाचून मनाला काहीच होईनासे होते तेव्हा मी या ओळींकडे जातो, आणि पुन्हा बातमीकडे येतो तेव्हा ती वेगळी वाचली जाते.

जुन्या कथा भडकवण्यासाठीही वापरल्या जातात, हे मला मान्य आहे. बहुतेक वेळा भडकवणाऱ्यांनी त्यातला एकच तुकडा उचललेला असतो. द्रौपदीच्या अपमानाचा सूड सगळ्यांना आठवतो. स्त्रीपर्वात रणांगणावर आपापली प्रेते हुडकत फिरणाऱ्या बायका कोणाला आठवत नाहीत. अख्खे वाचणे हा त्यावर उतारा आहे, असे मी म्हणणार नाही, कारण अख्खे वाचून भडकलेलीही माणसे असतील.

माझी विनंती साधी आहे. पुरवणीत सूत्रांच्या सदराला जेवढी जागा मिळते, तिच्या निम्मी जागा दर आठवड्याला एखाद्या जुन्या काव्यातल्या एका प्रसंगाला द्यावी. चांगला अनुवाद, प्रसंग कुठला हे सांगणाऱ्या दोन ओळी, एवढे पुरे. सुरुवात विकर्णाच्या भाषणापासून करता येईल, आणि त्यानंतरची वाहवाही कृपया कापू नये. खाली तात्पर्याची चौकट मात्र टाकू नका. वाचक काय ते कळवतील.

आपला,
एक नियमित वाचक