वाचनालयातल्या मामांना

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

तुम्हाला माझं नाव माहीत नाही. त्या दिवशी तुम्ही ते विचारलंही नाहीत. भर पावसात कागदपत्रांची पिशवी छातीशी धरून एक बाई तुमच्या वाचनालयात आली आणि संध्याकाळ होईपर्यंत तिथेच बसून राहिली, ती मी. तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता, म्हणून आता लिहिते आहे.

बाबांना जाऊन जेमतेम महिना होत आला होता. त्यांच्या कागदांसाठी तुमच्या गावातल्या एका कचेरीत आले, तर खिडकीपलीकडच्या माणसानं मान वर न करता सांगितलं, "साहेब नाहीत, संध्याकाळी बघा." संध्याकाळपर्यंत बाईमाणसानं परक्या गावात कुठं बसायचं, हा त्याचा प्रश्न नव्हता. हॉटेलात शिरले, तर कप रिकामा होताच पोऱ्या टेबल पुसायला आला आणि मालक म्हणाला, "गिऱ्हाईक उभं आहे, ताई." त्या दोघांचाही राग अजून गेलेला नाही.

तुमच्याकडे कुणी अडवलं नाही. वर्तमानपत्राच्या टेबलाशी बसले. पेन्शनर मंडळी पानं वाटून घेऊन वाचत होती, त्यांनी मला जागा करून दिली. बारा वाजता वाचनालय चार वाजेपर्यंत बंद होतं, हे मला ठाऊक नव्हतं. सगळे उठले, तशी मीही उठले. तुम्ही बाहेरचा पाऊस पाहिलात, माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "मी बांधणीला बसणारच आहे. तुम्ही बसा." मागच्या खोलीचं दार सताड उघडं ठेवलंत, माझी खुर्ची दाराशी लावलीत आणि स्वतः आत टेबलाशी गेलात. हे भान किती जणांना असतं, हे कुठल्याही बाईला विचारा.

मग समोरच्या टपरीवरून चहा आणलात, वर बशी झाकून. "पुस्तकांच्या हॉलमध्ये चालत नाही, इथं चालतो," एवढंच बोललात. मी कप हातात घेतला आणि मला रडू आवरेना. चहा तसाच राहिला, त्यावर साय धरली. तुम्ही दिवाळी अंक शिवत होता. हातोहात फिरून त्यांची पाठ सुटलेली, तुम्ही सुईदोरा ओवून एकेक टाका ओढत होता, आणि खोलीभर मोरचूद घातलेल्या खळीचा वास. तुम्ही वर पाहिलं नाहीत. थोड्या वेळानं उठलात, गार झालेला कप उचललात, छत्री घेऊन पुन्हा टपरीवर गेलात आणि दुसरा गरम चहा आणून ठेवलात. "काय झालं", "रडू नका", काही नाही. पुन्हा सुई हातात घेतलीत.

मामा, त्या महिन्याभरात घर माणसांनी भरलेलं होतं आणि प्रत्येकाला मी काहीतरी उत्तर देत होते. उत्तर न मागता कुणी माझ्याजवळ बसलं असेल, तर ते तुम्ही. तो दुसरा कप मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. मग तुम्ही न शिवलेला एक अंक पुढे सरकवलात आणि मी दुपारभर वाचत बसले.

रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 सालचं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 सालचं. वर्गणी काढून लोकांनी ही दारं उघडली आणि पुढच्या पिढ्यांनी ती उघडी ठेवली. 1967 साली ग्रंथालयांचा कायदा झाला, अनुदान आलं. पण अनुदान हप्त्यानं येतं आणि तुमच्यासारख्यांचा पगार त्यातूनच निघतो. ज्यांना दर महिन्याला पूर्ण पगार मिळतो त्यांना मान वर करणं जड जातं, आणि तुम्ही पदरचे पैसे घालून अनोळखी बाईला दोनदा चहा पाजता. माणुसकी अजून शिल्लक आहे, ती तुमच्यासारख्यांमुळे.

बाबांनी जमवलेले दिवाळी अंक माळ्यावर आहेत. रद्दीत द्यायला जीव होत नाही. आईशी बोलले, ते तुमच्या वाचनालयाला द्यायचं ठरलं आहे. बऱ्याच अंकांची शिवण सुटली आहे, काहींना कसर लागली आहे. घ्यायचे कुठले, ते तुम्हीच ठरवा. श्रावणात भाऊ गाडी घेऊन येईल, मीही येईन. त्या दिवशीचा चहा माझ्याकडून.

तुमची,
दाराशी बसलेली ताई