वादळाचा व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी

संपादक महोदय,
अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले की कोकणातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जुन्या वादळांचे व्हिडिओ ‘आत्ताचे’ म्हणून फिरतात. जून २०२० चे ‘निसर्ग’ आणि मे २०२१ चे ‘तौक्ते’ सोसलेली माणसे हादरतात. त्याहून वाईट म्हणजे अशा खोट्या हाकाटीला सरावलेला माणूस खऱ्या इशाऱ्याच्या दिवशीही होडी पाण्यात लोटतो.

संदेशावर दुहेरी बाण असेल तर तो पाच किंवा अधिक हातांतून आलेला असतो. मजकूर कॉपी करून चिकटवला की मात्र हा बाण दिसत नाही, म्हणून बाण नाही एवढ्यावर विसंबू नये. व्हिडिओ स्पष्ट दृश्यावर थांबवून स्क्रीनशॉट घ्यावा व गूगल लेन्सवर शोधावा. जुना असल्यास बहुतेकदा मूळ बातमी सापडते. हवामान खात्याच्या पत्रकावर तारीख-वेळ असते, इशारा जिल्हावार असतो, मच्छीमारांसाठी वेगळी सूचना असते. तारीखच नसलेला ‘रेड अलर्ट’ पुढे पाठवूच नये.

ग्रुप अ‍ॅडमिनना इतरांचा संदेशही सर्वांसाठी डिलीट करता येतो. तो अधिकार त्यांनी भीड न ठेवता वापरावा, आणि त्याच जागी खात्याचे ताजे पत्रक टाकावे.

— एक वाचक, रत्नागिरी